तुरुंगाच्या आतलं बाहेर सांगताना : नव्या जनसंपर्क अधिकाऱ्यासाठी मार्गदर्शक

कारागृह खात्यात जनसंपर्काचं काम नव्यानं अंगावर आलं की माणूस आधी जुन्या प्रसिद्धिपत्रकांची फाइल मागवतो. मागवावी, हरकत नाही. पण या कामातली खरी अडचण त्या फाइलमध्ये सापडत नाही. पूल खचला तर बातमीदार जाऊन बघून येतो. रुग्णालयात गोंधळ झाला तर नातेवाईक व्हरांड्यातून फोन लावतात. तुरुंगात काही घडलं तर बाहेरच्या कुणालाच आत डोकावता येत नाही, आणि पहिले काही तास तरी तुमचा शब्द हा एकटाच शब्द असतो. पुढे शवविच्छेदनाचा अहवाल येतो, न्यायालयीन चौकशी बसते, सुटून आलेला कैदी बोलतो, निवृत्त झालेला रक्षक बोलतो, आणि तुमचं निवेदन ओळीओळीनं तपासलं जातं. त्या तपासणीत टिकेल असं बोलायचं कसं, तेवढंच इथं सांगायचंय.

आणखी एक. 'आमचं काम सुरक्षेचं, बोलण्याचं नाही' असं सांगणारे वरिष्ठ तुम्हाला भेटतील. त्यांना नम्रपणे नेल्सन मंडेला नियम दाखवा. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम १९५५ सालचे. २०१५ मध्ये ते सुधारले गेले आणि त्यांना मंडेला यांचं नाव मिळालं. त्यातला ७४वा नियम सांगतो की तुरुंगाचं काम ही महत्त्वाची समाजसेवा आहे हे कर्मचाऱ्यांच्या आणि जनतेच्याही मनावर प्रशासनानं सतत ठसवलं पाहिजे, आणि त्यासाठी लोकांना माहिती देण्याची योग्य ती सगळी साधनं वापरली पाहिजेत. म्हणजे बोलणं हा कामाचाच भाग आहे.

पहिली पायरी : ऐकतंय कोण ते ओळखा

प्रसिद्धिपत्रक पत्रकारांना जातं, पण वाचणारी माणसं वेगळी असतात. कैद्याची आई असते. ज्यांच्या घरावर गुन्ह्यानं घाला घातला ते कुटुंब असतं. रात्रपाळीला गेलेल्या रक्षकाची बायको असते. खटला चालू असेल तर दोन्ही बाजूंचे वकील असतात. आणि नव्या अधिकाऱ्याला ज्यांचा हमखास विसर पडतो ते म्हणजे खुद्द कैदी. वर्तमानपत्र, रेडिओ यांतून बाहेरच्या बातम्या कळत राहणं हा मंडेला नियमांनुसार त्यांचा हक्क आहे, आणि बऱ्याच ठिकाणी बराकीत टीव्ही असतो. 'परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे' असं तुम्ही कॅमेऱ्यासमोर म्हणता तेव्हा ज्यांच्याविषयी बोलताय तेच पडद्यासमोर बसलेले असतात, आणि खरी हकिकत त्यांना तुमच्याहून जास्त ठाऊक असते.

याची किंमत किती मोठी असू शकते ते एप्रिल १९९३ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दिसलं. ल्युकासव्हिलच्या तुरुंगात कैद्यांनी रक्षकांना ओलीस धरलं होतं. मागण्या मान्य केल्या नाहीत तर एका रक्षकाला मारू, अशी धमकी त्यांनी चादरीवर लिहून खिडकीतून बाहेर लटकवली. त्याबद्दल विचारल्यावर खात्याच्या प्रवक्त्या पत्रकारांना म्हणाल्या की अशा धमक्या सुरुवातीपासूनच येताहेत, यात नवं काही नाही. दुसऱ्या दिवशी एका ओलीस रक्षकाचा खून झाला. त्या एका वाक्यामुळेच तो झाला, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण आतले लोक बातम्या ऐकत होते, आणि ते वाक्य खात्याला पुढे वर्षानुवर्षं चिकटलं.

म्हणून मजकूर पाठवण्यापूर्वी तो चारदा वाचा : एकदा कैद्याची आई होऊन, एकदा पीडिताचं कुटुंब होऊन, एकदा रात्रपाळीचा रक्षक होऊन आणि एकदा बराकीतला कैदी होऊन. दोन मिनिटं लागतात.

दुसरी पायरी : बोलण्याचा अधिकार कागदावर आणा

रात्रीचे अडीच वाजलेत, अधीक्षक रजेवर आहेत, मुख्यालयातल्या वरिष्ठांचा फोन बंद आहे आणि तुमच्या फोनवर तीन वाहिन्या ताटकळताहेत. अशा वेळी कुणाच्या मंजुरीनं बोलायचं? हे त्या रात्री ठरवता येत नाही. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक पान तयार करा आणि त्यावर सही घ्या. कुठल्या विषयावर तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर बोलू शकता, कशाला अधीक्षकांची परवानगी लागेल, कशाला मुख्यालयाची, आणि ती व्यक्ती सापडली नाही तर पुढचा माणूस कोण. नावं लिहू नका, पदं लिहा. बदल्या होत राहतात.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला कधीच न सांगण्याच्या गोष्टी लिहा. कैद्याचा आजार आणि औषधं. खबर कुणी दिली. सुरक्षेची मांडणी आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्या. पीडिताचा ठावठिकाणा. कैद्याला कुठल्या दारानं, किती वाजता, कुठल्या रस्त्यानं नेणार ते. या शेवटच्या बाबतीत मंडेला नियम स्पष्ट आहेत : कैद्यांची ने-आण करताना ते लोकांच्या नजरेला शक्य तितके कमी पडावेत, अपमान आणि प्रसिद्धी यांपासून त्यांचं रक्षण व्हावं. कॅमेऱ्यांना 'फक्त दोन मिनिटं' म्हणून कैद्याला गाडीतून उतरवून उभं करणं, ही मेहेरबानी तुम्ही कुणावरही करायची नाही. कच्च्या कैद्याच्या बाबतीत तर अधिकच जपा. त्याचा गुन्हा सिद्ध झालेला नसतो. तुमच्या मजकुरात तो 'खुनी' झाला की तुम्ही न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसलात.

ही यादी आखूड ठेवा आणि ढालीसारखी वापरू नका. जेवण निकृष्ट मिळतं का, या प्रश्नाला 'सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही' असं उत्तर दिलं की बातमीदार समजायचं ते समजतो. पुढच्या वेळी सुरक्षेचं कारण खरोखर असेल तेव्हाही तो हसतो.

कर्मचाऱ्यांचंही बघा. रक्षकाला परस्पर फोन येतातच. त्याला नुसती तंबी देऊन भागत नाही, हातात एक वाक्य द्यावं लागतं : 'मला बोलण्याचा अधिकार नाही, जनसंपर्क अधिकाऱ्यांचा नंबर देतो.' आणि कुठलीही मोठी गोष्ट टीव्हीवर जाण्यापूर्वी निदान दहा मिनिटं आधी आतल्या कर्मचाऱ्यांना कळवा. आपल्याच तुरुंगातली बातमी घरच्यांकडून कळलेला रक्षक नंतर तुमच्यासाठी काही लपवत नाही आणि काही सांगतही नाही.

तिसरी पायरी : आकड्यांची वही

किती कैद्यांची सोय आहे, प्रत्यक्षात किती आहेत, त्यातले कच्चे किती, महिला किती, मंजूर पदं किती आणि भरलेली किती, गेल्या वर्षी मृत्यू किती झाले. एवढं तोंडपाठ नसलं तरी हाताशी हवं, आणि प्रत्येक आकड्यापुढे तारीख, वेळ आणि कुठल्या नोंदवहीतून घेतला ते लिहिलेलं हवं. तुरुंगातली संख्या सकाळच्या गणतीला एक असते आणि न्यायालयातून माणसं परतल्यावर संध्याकाळी दुसरी. 'आज सकाळच्या गणतीनुसार' हे तीन शब्द जोडले की अर्धे वाद टळतात.

टक्केवारीपासून सावध. 'हल्ले पन्नास टक्क्यांनी वाढले' यामागे चाराचे सहा झालेले असू शकतात, आणि 'मृत्यू निम्म्यावर आले' यामागे मोजण्याची पद्धत बदललेली असू शकते. आधी मूळ आकडा सांगा, मग टक्का. आणि वाईट आकडा स्वतःहून द्या. बातमीदाराला तो शोधून काढावा लागला तर बातमी आकड्याची राहत नाही, तुम्ही तो दडवल्याची होते.

चौथी पायरी : रोजचे फोन

इथं फार शिकण्यासारखं काही नाही. एक नमुना पुरे.

'साहेब, आत मारामारी झाली म्हणे?'

'कधीची म्हणताय?'

'आज सकाळची. दोघं जखमी आहेत असं कळलंय.'

'मला आत्ता खात्रीनं सांगता येत नाही, आत विचारून घेतो. बातमी कधी द्यायचीय तुम्हाला?'

'सहापर्यंत.'

'मग पाचला फोन करतो. काही कळलं नाही तरी करतो.'

आणि पाचला फोन करायचा. 'अजून नक्की कळलेलं नाही, साडेपाचला पुन्हा बोलू' एवढंच सांगायचं असलं तरी करायचा. 'नो कॉमेंट' हे शब्द मात्र जिभेवर आणू नका. का सांगता येत नाही ते सांगा. चौकशी चालू आहे, घरच्यांना अजून कळवायचंय, वैद्यकीय बाब आहे : ही कारणं बातमीदाराला समजतात. खासगीत, नाव न छापण्याच्या अटीवर बोलण्याचा मोह नव्या माणसानं पहिलं वर्षभर तरी टाळावा. दोघांची अटीची समजूत वेगवेगळी निघते, आणि छापून आल्यावर नमती बाजू तुमचीच असते.

पाचवी पायरी : कैद्याच्या मुलाखतीची मागणी

ही मागणी येणारच. यावर जगभरच्या न्यायालयांनी वेगवेगळी मतं दिली आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ साली म्हटलं की ठरावीक कैद्याला समोरासमोर भेटण्याचा खास हक्क पत्रकारांना नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फाशीची शिक्षा झालेल्या दोन कैद्यांना भेटायची मुभा पत्रकारांना दिली, पण त्या कैद्यांची तयारी असेल तरच. आणि ब्रिटनमध्ये १९९९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय), आपल्याला चुकून शिक्षा झाली असं सांगू पाहणाऱ्या कैद्यांच्या मुलाखतींवरची सरसकट बंदी बेकायदा ठरवली. तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते विधी विभागाकडून एका पानावर लिहून घ्या.

कायदा काहीही असो, पद्धत साधारण एकच. मागणी लेखी घ्या. कैद्याची संमती लेखी घ्या, ती त्याच्या भाषेत घ्या, आणि मुलाखत चालू असतानाही तो नाही म्हणू शकतो हे त्याला सांगा. खटला चालू असेल तर त्याच्या वकिलाला आधी कळू द्या. ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांना गुन्हेगाराचा चेहरा अचानक पडद्यावर दिसू नये, म्हणून त्यांनाही आधी कळवण्याची सोय करा. नकार द्यायचा असेल तर कारणासह, लेखी आणि लवकर द्या. तीन आठवडे अर्ज दाबून ठेवणं हाही नकारच असतो, फक्त भित्रा.

सहावी पायरी : कोठडीतला मृत्यू

या कामातला सगळ्यात कसोटीचा मजकूर हाच. क्रम पक्का लक्षात ठेवा : आधी घरचे, मग बाहेरची चौकशी यंत्रणा, मग पत्रकार. मंडेला नियमांनुसार मृत्यूची खबर जवळच्या नातेवाइकाला किंवा कैद्यानं नोंदवलेल्या व्यक्तीला ताबडतोब द्यायची असते, आणि तुरुंग प्रशासनाच्या अखत्यारीबाहेरच्या न्यायिक किंवा सक्षम यंत्रणेला विनाविलंब कळवायचं असतं. घरच्यांशी संपर्क होत नसेल आणि बातमी फुटली असेल तर मृत्यूला दुजोरा द्या, पण नाव देऊ नका. 'घरच्यांना कळवल्याशिवाय नाव सांगणार नाही' या वाक्यावर कुठलाही शहाणा बातमीदार वाद घालत नाही.

आता एक कच्चा मजकूर बघू. असे मजकूर तुम्हाला जुन्या फायलींत सापडतील.

'खून प्रकरणातील कुख्यात आरोपीचा काल रात्री हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने मृत्यू झाला. त्यास पूर्वीपासून व्यसन होते. कर्तव्यावरील कर्मचाऱ्यांनी तातडीने उपचार उपलब्ध करून दिले असून प्रशासनाकडून कोणतीही हयगय झालेली नाही.'

तीन वाक्यांत पाच घोटाळे. 'कुख्यात' या शब्दानं मेलेल्या माणसाची किंमत आधीच कमी करून टाकली. हृदयविकार हे शवविच्छेदनाआधी कुणाला कळलं? व्यसनाचा उल्लेख ही वैद्यकीय माहिती, शिवाय दोष त्याच्यावरच ढकलण्याचा प्रयत्न. 'हयगय झालेली नाही' हा निकाल चौकशी सुरू होण्याआधीच लागला. पाचवा घोटाळा सहज डोळ्यांत भरत नाही : 'तातडीने'. हा शब्द दावा आहे. उद्या सीसीटीव्हीत रक्षक वीस मिनिटांनी आलेला दिसला की हाच शब्द मथळ्यात जाईल.

त्याऐवजी :

'आज पहाटे ४.१० वाजता एक कैदी कोठडीत बेशुद्ध अवस्थेत आढळला. कर्मचाऱ्यांनी प्रथमोपचार सुरू केले. कारागृहाचे डॉक्टर ४.२२ वाजता पोहोचले. रुग्णालयात ४.५५ वाजता डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केले. त्यांच्या कुटुंबाला कळवण्यात आले असून त्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. मृत्यूचे कारण शवविच्छेदनानंतर स्पष्ट होईल. घटनेची माहिती स्वतंत्र चौकशी यंत्रणेला देण्यात आली आहे. पुढील निवेदन आज दुपारी ४ वाजता देण्यात येईल.'

इथं शेरा मारणारं एकही विशेषण नाही. सगळा भार घड्याळावर आहे, म्हणून घड्याळ तपासायला हवं. वेळा कुणाच्या आठवणीतून घेऊ नका. नोंदवही, रुग्णवाहिकेची नोंद आणि रुग्णालयाचा कागद तिन्ही बघा. सीसीटीव्हीचं घड्याळ आणि फाटकावरचं घड्याळ यांत पाच-सात मिनिटांचा फरक सर्रास असतो. तो आधीच सापडला तर तांत्रिक बाब. चौकशीत सापडला तर नोंदीत फेरफार केल्याचा संशय. वेळ जुळत नसेल तर 'सुमारे' लिहा किंवा ती वेळ सोडून द्या.

आत्महत्येची शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेनं पत्रकारांसाठी घालून दिलेली पथ्यं तुम्हालाही लागू आहेत. पद्धत सांगू नका, साधन सांगू नका, 'जामीन नाकारल्यामुळे' असं एकच सोपं कारण चिकटवू नका. तुरुंगात याची दुहेरी गरज असते, कारण तशाच कोठडीत, तशाच मनःस्थितीत बसलेला दुसरा माणूस ती बातमी ऐकत असतो.

सातवी पायरी : दंगल, ओलीस, पलायन

१३ सप्टेंबर १९७१. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात चार दिवस चाललेला उठाव सशस्त्र कारवाई करून मोडला गेला. त्या गोळीबारात ३९ जण मारले गेले, त्यात १० ओलीस होते. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असं अधिकाऱ्यांनी पत्रकारांना सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी ते छापलं. दुसऱ्याच दिवशी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरनं सांगितलं की ओलीस गोळ्या लागून मेले. बंदुका फक्त कारवाई करणाऱ्यांकडे होत्या. अर्धशतक उलटलं तरी अ‍ॅटिकाची गोष्ट या खोट्या निवेदनाशिवाय कुणी सांगत नाही.

दुसरं टोक मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगाचं. १ एप्रिल १९९० रोजी तिथं दंगल उसळली आणि २५ दिवस चालली. सुरुवातीच्या दिवसांत वीस-वीस कैदी मारले गेल्याच्या बातम्या छापून आल्या. प्रत्यक्षात एक कैदी आणि, हृदय बंद पडल्यानं, एक रक्षक असे दोन मृत्यू झाले. तिथं माहितीची रिकामी जागा अफवेनं भरली, अ‍ॅटिकात ती अधिकाऱ्यांच्या खोट्या माहितीनं भरली. पहिल्या तासात तुम्हाला या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते.

ती अशी काढता येते. घटना कळल्यापासून अर्ध्या तासात पहिलं छोटं निवेदन बाहेर पाठवा. त्यात फक्त तीन गोष्टी : काहीतरी घडलंय याला दुजोरा, कुठली यंत्रणा काम करतेय, आणि पुढचं निवेदन किती वाजता. जखमींचा, मृतांचा, सहभागी कैद्यांचा आकडा नको. कारण तर नकोच नको. मग दर तासाला, ठरल्या वेळी, नवं काही नसलं तरी बोला. पत्रकार तासाच्या ठोक्याला तुमच्याकडे येऊ लागले की मधल्या वेळात ते 'सूत्रां'कडे कमी जातात.

पत्रकारांची जागा आधीच हेरून ठेवा. तिथून रुग्णवाहिकांचा रस्ता अडू नये आणि कारवाईची तयारी करणारी तुकडी दिसू नये. छतावर चढणारे जवान थेट प्रक्षेपणात दिसले तर ते आतल्यांनाही दिसतात. वाहिन्यांना हे कारण सरळ सांगा. नातेवाइकांसाठी वेगळी जागा, वेगळा अधिकारी आणि वेगळा फोन हवा. फाटकाबाहेर उन्हात उभ्या असलेल्या आईला आपल्या मुलाची बातमी बातमीदाराच्या प्रश्नातून कळता कामा नये. आणि एक अफवावही ठेवा : काय ऐकलं, कुणाकडून, खरं की खोटं, कधी कळलं. दोन तासांनी तिचा जो उपयोग होतो तो दुसऱ्या कशाचा होत नाही.

ओलीस असतील तर वाटाघाटी करणारा आणि प्रवक्ता कधीच एक नसावेत. पण प्रवक्त्याची प्रत्येक ओळ वाटाघाटी करणाऱ्याच्या नजरेखालून गेली पाहिजे. ल्युकासव्हिलमध्ये थेट प्रक्षेपणाची संधी हीच वाटाघाटीतली वस्तू झाली होती, आणि त्या बदल्यात ओलीस सुटलेही. म्हणजे तुमचं क्षेत्र तुमच्या नकळत वाटाघाटीच्या टेबलावर आलेलं असू शकतं.

पलायनाचं गणित वेगळं. तिथं लोकांच्या सुरक्षेसाठी लवकर बोलावं लागतं : फोटो, वर्णन, कुणी दिसल्यास जवळ न जाता कुठं कळवायचं. त्याच्यापासून ज्यांना धोका असू शकतो त्यांना मात्र पत्रकारांच्या आधी फोन गेला पाहिजे. आणि नेमकं काय झालं ते नीट सांगा. भिंत ओलांडून गेलेला कैदी, खुल्या कारागृहातून निघून गेलेला, रजेवरून वेळेत न परतलेला आणि कागदपत्रांच्या चुकीमुळे सोडला गेलेला, या चार वेगळ्या घटना आहेत. चौघांनाही 'फरार' म्हटलं तर लोक भिंतीकडे बोट दाखवतील. चौथ्या प्रकारात माणूस पळालेलाच नसतो. चूक कार्यालयाची असते, आणि ती तशीच सांगावी.

आठवी पायरी : कॅमेरा आत येतो तेव्हा

आदल्या दिवशी ज्या वाटेनं कॅमेरा जाणार त्या वाटेनं स्वतः मोबाइलवर चित्रण करत चाला आणि मग ते बसून बघा. चालताना न दिसलेल्या गोष्टी पडद्यावर दिसतात. कमरेला लटकणारी किल्ली : तिच्या स्पष्ट छायाचित्रावरून नक्कल करता येते, म्हणून किल्ल्या झाकलेल्याच हव्यात. भिंतीवरचा फळा, ज्यावर कोठडी क्रमांक आणि नावं आहेत. नियंत्रण कक्षातले पडदे, ज्यांतून कुठला कोपरा कॅमेऱ्यात येत नाही ते कळतं. पाळीचा तक्ता. एका दारामागून दुसरं दार उघडण्याचा क्रम. मागून चित्रित केलेला कैदी हातावरच्या गोंदणावरून ओळखू येतो, आणि त्याच्या गावात त्याच्या मुलांना तो तुरुंगात असल्याचं माहीत नसू शकतं.

हे सगळं चित्रण सुरू होण्याआधी ठरवा. नंतर 'ते दृश्य काढा' म्हणणं अडचणीचं होतं आणि सेन्सॉरगिरीसारखं दिसतं. आणि रंगरंगोटी नको. ताज्या रंगाचा वास कॅमेऱ्यात येत नाही, पण बातमीदाराला येतो.

नववी पायरी : आतून आलेला व्हिडिओ

लपवून आणलेल्या फोनवर चित्रित झालेली मारहाण किंवा पार्टी कधीतरी रात्री पसरतेच. पहिली प्रतिक्रिया 'व्हिडिओ बनावट आहे' अशी देण्याची घाई होते. देऊ नका. गणवेश, खिडकीचे गज, भिंतीचा रंग, दिव्यांची मांडणी ज्या अधिकाऱ्याला ओळखता येते त्याच्याकडून आधी बघून घ्या. जुना असेल तर कधीचा ते कळेपर्यंत 'तपासतोय, सकाळी १० वाजता सांगतो' एवढंच. खरा निघाला तर दोन प्रश्नांची उत्तरं लागतील : आत जे घडलं त्याचं काय, आणि फोन आत गेला कसा. खात्यांना दुसऱ्या प्रश्नावर बोलायला आवडतं, कारण त्यात दोष कैद्याचा. लोकांना पहिल्याचं उत्तर हवं असतं.

दहावी पायरी : चांगली बातमी

पदवी मिळवलेले कैदी, सुतारकामाची कार्यशाळा, ग्रंथालय. हे जरूर सांगा. पण संमती घ्या, गुन्हा पुसून टाकू नका आणि पाहुण्यांच्या रांगेपुढे कैद्याला टाळ्या वाजवायला उभं करू नका. कार्यक्रमाच्या छायाचित्रापेक्षा कामाची माहिती जास्त टिकते : किती जण शिकायला बसले, किती जणांनी मधेच सोडलं, का सोडलं. महिला कैद्यांच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांचे २०१० सालचे बँकॉक नियम एक पाऊल पुढे जातात. स्त्रिया या व्यवस्थेत का अडकतात आणि त्यावर काय करता येतं, हे माध्यमांना आणि लोकांना सांगावं, असं ते म्हणतात. ही माहिती नुसत्या शिलाई मशीनच्या फोटोतून मिळत नाही. जमल्यास कैद्यांनाच लिहू द्या. अमेरिकेत मिनेसोटामधल्या स्टिलवॉटर तुरुंगात कैद्यांचं स्वतःचं वृत्तपत्र १८८७ साली सुरू झालं आणि शतकाहून जास्त काळ चाललं.

अकरावी पायरी : दुरुस्ती आणि पाठपुरावा

तुमच्याकडून चुकीची माहिती गेली तर त्याच दिवशी, त्याच माध्यमातून, काय चुकलं होतं आणि बरोबर काय ते सांगा. नुसता नवा मजकूर गुपचूप टाकू नका. जुन्याची छायाचित्रं लोकांकडे असतात. वर्तमानपत्राकडून चूक झाली तर आधी बातमीदाराला फोन करा, संपादकाला नंतर, मालकाला कधीच नाही. आणि दुरुस्ती फक्त तथ्याची मागा. बातमीचा सूर आवडला नाही म्हणून पाठवलेला खुलासा कुणी छापत नाही.

शेवटी एक दिनदर्शिका. निवेदनात तुम्ही जे जे कबूल करता ते तारखेसह तिच्यात उतरवा : 'चौकशी अहवाल तीन महिन्यांत', 'बिघडलेले कॅमेरे महिनाअखेर बदलणार', 'कुटुंबाला अहवालाची प्रत देणार'. मुदतीच्या आठवडाभर आधी संबंधित शाखेला विचारा, आणि काम झालं नसेल तर ते तुम्हीच पहिल्यांदा जाहीर करा. ज्या बातमीदारानं ती बातमी केली होती त्याच्याही दिनदर्शिकेत तीच तारीख असते.